भाऊसाहेबांनी चिठ्ठी वाचिली त्याची हकीकत

॥ श्री ॥

प्रथम नमन गजाननास, जो एवढी थोरली काया घेऊन उंदरावर मावतो. आणि दुसरे नमन वास्तुपुरुषास, जो घराच्या चौकोनात हातपाय दुमडून निजला आहे आणि जागा अपुरी पडते ऐसी तक्रार त्याने आजवर कोणाकडे केली नाही. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी एका थोर नगरात, जुन्या पेठेत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य लहान, परंतु कारभार मोठा. बाहेरची खोली सकाळी दरबार, दुपारी शयनमंदिर, सायंकाळी पाठशाळा. आतली खोली मुदपाकखाना, आणि तेथेच ओट्याच्या कडेस स्टुलावर बसोन, मांडीवर लॅपटॉप घेऊन, राज्याच्या सूनबाई यामिनीबाई आपली चाकरी करीत. दूरदेशीचे साहेब पडद्यावर प्रकट होत आणि बाई त्यांशी मोठ्या मुत्सद्दीपणे बोलत, तो कुकरची शिट्टी होई आणि साहेब दचकोन विचारीत की हा कसला इशारा. बाई म्हणत, काही नाही, भात झाला. ऐसे सात वर्षे चालिले. गादीवर बाईंचे सासरे भाऊसाहेब, वय अठ्ठ्याहत्तर, पत्नी कैलासवासी जाहलेल्या. छत्तीस वर्षे त्यांनी एका छापखान्यात प्रुफे तपासण्याची चाकरी केली, आणि उडालेला अनुस्वार ते वाटेवरच्या दुकानाच्या पाटीवरही खपवून घेत नसत. त्यांचे पुत्र हेरंबराव, म्हणजे यामिनीबाईंचे यजमान. स्वभावे गरीब, पितृभक्त, कष्टाळू, परंतु निर्णय म्हटला की अंगावर काटा. कोणतीही मसलत पुढे येवो, त्यांचे एकच उत्तर, "बघू". या एका शब्दाच्या बळावर त्यांनी पंख्याची दुरुस्ती तीन उन्हाळे लांबविली. आणि कन्या ओवीबाई, वय वर्षे आठ, राज्यातील सर्वांत धाकटी असामी.

आश्विनात यामिनीबाईंस तिसरा मास होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पडदा न्याहाळिला आणि बोलिल्या, "अभिनंदन, जुळं आहे." हेरंबरावांच्या मुखातून सवयीने "बघू" ऐसा शब्द निघाला. डॉक्टरीणबाई बोलिल्या, "अहो, बघूनच सांगतेय." चौघांच्या राज्यात सहा होणार, आणि भूमी तर तसूभर वाढणार नाही. पाळणा टांगावा तर कपाटाचे दार उघडत नाही, आणि कपाट सरकवावे तर देव पूर्वेचे पश्चिमेस जातात. यामिनीबाईंनी चारी भिंती नजरेने मोजल्या आणि मनात एकच गोष्ट धरिली. त्यांस महाल नको होता, बाग नको होती. त्यांस एक खोली हवी होती, आणि त्या खोलीस दार हवे होते, आणि ते दार आतून लावता यावे. एवढेच मागणे, परंतु दोन खोल्यांच्या राज्यात हे मागणे म्हणजे समुद्रात किल्ला मागण्यासारिखे.

मग कार्तिकात उपनगर परगण्याकडील एक दलाल आला आणि "सर, मॅडम" करीत एका नव्या इमारतीची वार्ता त्याने दिली. नववा मजला, तीन शयनगृहे, दोन सज्जे, लिफ्ट अहोरात्र चालू. रविवारी सर्व मंडळींची स्वारी निघाली. भाऊसाहेबही आग्रहाने निघाले, आणि जिना उतरताना कोणी हात धरू लागले तो झिडकारोन पुढे जाहले. नव्या जागी पोचल्यावर दलालाने बैठकीची खिडकी उघडिली आणि बोलिला, "हिल व्ह्यू आहे सर, समोर अख्खा डोंगर." परंतु इमारतीस बाहेरून रंग देण्याचे काम चालू होते, बांबूंच्या परांच्या बांधिल्या होत्या आणि त्यांवर हिरवी जाळी ताणिली होती, त्यामुळे डोंगर सोडाच, आभाळाचा तुकडाही दिसेना. भाऊसाहेब खिडकीशी गेले, गजावर हात ठेविला आणि प्रसन्न होऊन बोलिले, "वा! काय डोंगर आहे! हिरवागार. हेरंब, ये, बघ." दलालही ओशाळला, कारण इतके धाडस त्यासही जाहले नसते. यामिनीबाईंस हसू आले. त्यांस वाटले, सासरेबुवा आपली बाजू घेताती आणि भिडेखातर जाळीसही डोंगर म्हणताती. मग त्या आत गेल्या, तो सर्वांत मागे एक लहान खोली, पूर्वेस खिडकी. बाईंनी आत जाऊन दार लाविले आणि दारास पाठ टेकोन उभ्या राहिल्या. कोणी हाक मारिली नाही. शिट्टी नाही, नळ नाही, कोणाची वही हरवली नाही. बाईंचे डोळे भरोन आले, आणि एवढ्याशा गोष्टीस रडू यावे याची लाजही वाटली. बाहेर आल्या तेव्हा मुद्रा सावरिली होती, परंतु मन त्या खोलीतच राहिले.

मग महिनाभर मसलत चालिली आणि पुढे सरकेना. हेरंबराव म्हणत, "भाऊंना इथून हलवायचं? चाळीस वर्षं राहिलेत. खाली दूध आणायला एकटे जातात. तिथे लिफ्टची बटणं, गेटवरचा वॉचमन, सगळं परकं." यामिनीबाई म्हणत, "भाऊच म्हणतायत ना, जाऊ या." राव म्हणत, "ते म्हणणारच. बघू." आणि खरेच, भाऊसाहेब जो तो प्रसंग साधोन "जाऊ या, जाऊ या" ऐसाच घोष करीत, जणू तरुण तेच. तिकडे दलालाचा सांगावा आला की दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे आहे, मंगळवारपावेतो होय की नाही ते कळवावे. तेव्हा भाऊसाहेब बोलिले, "तुमच्याच्यानं ठरत नाही ना? मग देवीपुढे चिठ्ठी टाका."

या घराण्यात चिठ्ठीची चाल पूर्वापार होती, आणि तिची रीत ऐसी. मंगळवारी स्नान करोन घरच्या कर्त्याने दोन चिठ्ठ्या लिहाव्या, एकसारख्या दुमडाव्या, कुलदेवीपुढे ताम्हनात ठेवाव्या. सर्वांत धाकट्याने एक उचलावी, सर्वांत थोरल्याने ती मोठ्याने वाचावी, आणि वाचिली की लागलीच दोन्ही चिठ्ठ्या तांब्यातील पाण्यात बुडवाव्या, म्हणजे पुन्हा उघडोन पाहणे नाही आणि फाटे फोडणे नाही. देवीचा शब्द एकदाच. त्याप्रमाणे हेरंबरावांनी ओवीबाईंच्या निळ्या स्केचपेनाने एकीवर "जावे" आणि दुसरीवर "राहावे" ऐसे ठळक लिहिले. ओवीबाईंनी डोळे घट्ट मिटोन एक उचलिली आणि आजोबांच्या हाती दिली. यामिनीबाई निरांजन घेऊन भाऊसाहेबांच्या खांद्यामागे उभ्या होत्या. भाऊसाहेबांनी चिठ्ठी उलगडिली, चष्मा सारखा केला, प्रुफ धरावे तैसी ती हातभर लांब धरिली, आणि क्षणभर थांबोन खणखणीत आवाजाने बोलिले, "जावे!" आणि दोन्ही चिठ्ठ्या पाण्यात गेल्या. ओवीबाईंनी नाच केला. हेरंबरावांनी ऐसा श्वास सोडिला की जणू कोणी पाठीवरचे ओझे उतरविले. परंतु यामिनीबाई तांब्यातल्या पाण्याकडेच पाहत राहिल्या, कारण त्यांनी खांद्यावरून ती चिठ्ठी स्पष्ट वाचिली होती, आणि त्यावर "राहावे" ऐसे होते.

बाईंनी बोलावयास तोंड उघडिले आणि शब्द आला नाही. खरे लिहावयाचे तर, शब्द आला होता, त्यांनी तो गिळिला. कारण जे हवे तेच पदरात पडले होते, आणि पदर झटकणे सोपे नव्हे. त्यांस वाटले की सासऱ्यांनी आपल्यासाठी देवीपुढे खोटे सांगितले. ज्या मनुष्याने छत्तीस वर्षे एक अक्षर इकडचे तिकडे होऊ दिले नाही, त्याने सुनेकरिता आख्खा शब्द फिरविला. या उपकाराचे ओझे घेऊन बाई आठ दिवस वावरल्या. हेरंबराव तर दलालास होय कळवोन उत्साहाने खोकी आणू लागले, कारण आता ठरविणारी देवी होती, ते केवळ हमाल. बाईंस मात्र घास गोड लागेना.

नवव्या दिवशी प्रकार उघडा पडला. भाऊसाहेबांची रीत ऐसी की सकाळी सातच्या बातम्या रेडिओवर ऐकोन मग आरामखुर्चीत बसावे, वर्तमानपत्र उघडावे आणि ठळक मजकूर घरास मोठ्याने वाचोन दाखवावा. त्या दिवशी ओवीबाईंनी गडबडीत ताजे पत्र शाळेच्या दप्तरात घातले आणि आजोबांच्या हाती रद्दीतले दिवाळीचे पत्र दिले. भाऊसाहेबांनी ते उघडिले आणि वाचू लागले, "उत्तरेत थंडीची लाट. पहाटेच्या गाड्या धुक्यामुळे खोळंबल्या." यामिनीबाई चहा घेऊन आल्या, तो त्यांच्या समोरच्या पानावर थंडी नव्हती, धुके नव्हते, पानभर पैठणी नेसलेली एक बाई दिव्यांचे ताट घेऊन हसत होती. मग एकामागोन एक सर्व गोष्टी त्यांच्या ध्यानी आल्या, डोंगर, झिडकारलेला हात, आणि चालताना कपाटाच्या कडेवरोन फिरणारी ती बोटे, जी रोज पाहोनही त्यांनी कधी पाहिली नव्हती.

हेरंबराव कचेरीस आणि ओवीबाई शाळेस गेल्यावर बाई आरामखुर्चीपाशी खालीच बसल्या. "भाऊ, किती दिसतं?" "कुणाला?" "तुम्हाला." भाऊसाहेबांनी पत्राची घडी घातली, ती उघडिली, पुन्हा घातली. मग बोलिले, "मधलं थोडं दिसतं. नळीतून बघावं तसं. अक्षर काही लागत नाही. दीड वर्ष झालं." "आणि सांगितलं नाहीत?" "प्रुफं वाचणाऱ्याचं अक्षर गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि या घरात मला डोळे लागत नाहीत गं. कपाटापासून सात पावलं मोरी. खाली जायला अठ्ठेचाळीस पायऱ्या, चौदावी तुटकी. कोपऱ्यावरचा दूधवाला माझी चप्पल ओळखतो. चाललं होतं." बाई बोलिल्या, "मग जाऊ या, जाऊ या का करत होतात? तिथे तर तुम्हाला काहीच..." भाऊसाहेब बोलिले, "अंधाराचं काय, दोन खोल्यांत जेवढा, तेवढाच पाच खोल्यांत. आणि तू त्या स्टुलावरनं उठताना कण्हतेस. मला दिसत नाही, ऐकू येतं." बाईंनी मान खाली घातली. मग एकदम बोलिल्या, "भाऊ, चिठ्ठीत राहावे होतं." हे ऐकोन भाऊसाहेब हसू लागले, इतके की चष्मा काढोन डोळे पुसावे लागले. "म्हणजे देवीनं माझी बाजू घेतली होती, आणि मीच तिची चूक काढली! मी आपला अंदाजानं बोललो. म्हटलं, घरात जे हवंय ते वाचावं." मग हसणे थांबले आणि त्यांनी सुनेचा हात धरिला. "हेरंबला सांगू नकोस. कळलं तर तो इथून हलायचा नाही, आणि तुझी खोली जाईल."

या बखरीत लढाई म्हणावी ऐसी ही एकच, आणि ती दुपारच्या प्रहरी स्टुलावर बसोन एका बाईने आपल्याशीच केली. गप्प बसावे तर खोली मिळते, आणि गप्प बसण्याची तर आज्ञाच आहे, वडिलांची आज्ञा. बोलावे तर सर्व गेले. पडद्यावरील साहेबाने तीन वेळा विचारिले की आपण ऐकता ना, आणि बाई म्हणाल्या, ऐकते, परंतु ऐकत नव्हत्या. सायंकाळी हेरंबराव चहास बसले तेव्हा बाईंनी सर्व सांगितले, डोळ्यांचे आणि चिठ्ठीचे, काही राखोन ठेविले नाही, आणि शेवटी बोलिल्या, "मला खोली हवीच आहे हेरंब, खोटं कशाला बोलू. पण अशी नको."

हेरंबराव उठोन वडिलांच्या पायांशी बसले आणि लहान मुलासारिखे रडले. मग डोळे पुसोन बोलिले, "नाही जायचं. ठरलं." राव "बघू" न म्हणता काही ठरवोन बोलिले तो हाच पहिला दिवस. परंतु भाऊसाहेब ऐसे संतापले की संवत्सराचे नाव सार्थ जाहले. "ठरलं? महिनाभर तुझ्याच्यानं ठरत नव्हतं, आणि आज लगेच ठरलं? माझे डोळे म्हणजे तुझ्या 'बघू'ला सापडलेला टेकू आहे, दुसरं काही नाही. ती दोन पोरं येणार आहेत ती कुठं ठेवशील, माझ्या डोक्यावर?" राव बोलिले, "पण भाऊ, देवीनंच राहावे म्हटलंय." "देवीला तुम्ही अर्धी गोष्ट सांगून कौल मागितलात, कारण अर्धी मी लपवली होती. अर्धवट मजकुरावर निकाल घ्यायचा नसतो. ती चिठ्ठी रद्द. आता माणसांनी ठरवायचं."

ओवीबाई एकाच्या मुखाकडून दुसऱ्याच्या मुखाकडे पाहत होत्या. तेव्हा यामिनीबाईंनी विचारिले, "भाऊ, आमच्यासाठी नका सांगू. तुमचं सांगा. तुम्हाला काय वाटतं?" महिनाभराच्या मसलतीत हा प्रश्न त्यांस कोणी केला नव्हता. भाऊसाहेब बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोट फिरवीत राहिले. "भीती वाटते," ऐसे हळूच बोलिले. "इथं मी माणूस आहे. तिथं मी सामान होईन. उचलून ठेवाल तिथं बसेन." यामिनीबाईंस हे शब्द ऐसे लागले की क्षणभर त्यांस आपल्या खोलीचा विसर पडला. मग त्या बोलिल्या, "मग सामान जायच्या आधी तुम्ही चला. घर रिकामं असतानाच. आधी तुम्ही ते पाठ करा, मग तुम्ही सांगाल तिथे आम्ही एकेक वस्तू ठेवू. आणि ठेवल्यावर तुमच्या हुकमाशिवाय खुर्चीसुद्धा हलणार नाही." भाऊसाहेब बोलिले, "आणि नाहीच पाठ झालं तर?" बाई बोलिल्या, "तर नाही जायचं. मग मात्र खरंच नाही." हा तह उभय पक्षी मान्य जाहला, आणि दलालास होय कळविले होते, त्यास आता, एक महिना थांब, ऐसे कळविले. दुसरे गिऱ्हाईक काही प्रकट जाहले नाही. ते मुळीच नव्हते ऐसे जाणकार म्हणतात.

मग हेरंबरावांनी वडिलांस डोळ्यांच्या वैद्याकडे नेले. वैद्य बोलिले की काचबिंदू आहे, गेले ते येत नाही, राहिले ते थेंबांनी राखता येईल. थेंब सुरू जाहले. आणि पौषात दुसरे शुभकार्य नसते म्हणोन तो सारा महिना या कामी लाविला. आठवड्यास तीन दिवस दुपारी सासरे आणि सून रिक्षाने नव्या घरी जात. किल्ली दलालाने भिडेखातर दिली होती. बाई लहान खोलीत घडीची खुर्ची मांडोन दार उघडे ठेवोन चाकरी करीत, आणि भाऊसाहेब भिंतीस हात लावोन फिरत, पावले मोजीत, पुटपुटत. एकदा सज्जा समजोन न्हाणीघरात शिरले. एकदा गुडघा ऐसा आपटला की निळा पडला. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी भिंतीस टेकोन खाली बसले आणि बोलिले, "नाही गं जमत. एका पानाच्या दोन ओळी राहतात डोक्यात, तिसरी आली की पहिली जाते." यामिनीबाईंनी समजूत घातली नाही. डबा उघडिला, दोघांनी भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली, आणि हात धुतल्यावर बाई बोलिल्या, "चला, बेसिनपासून परत." ऐसे करीत करीत महिना सरता भाऊसाहेब दारापासोन शेवटच्या खोलीपावेतो हात न लावता जाऊन येऊ लागले, आणि मग हुकूम सोडू लागले की सोफा या भिंतीस नको, हा माझा रस्ता आहे. हेरंबरावांनी "बघू" म्हणावयास तोंड उघडिले आणि मिटिले.

माघ शुद्ध पंचमीस राज्य हालले. टेम्पो आला, कपाट गेले, देव गेले, आरामखुर्ची गेली, पंखाही उतरोन गेला. हेरंबराव आणि ओवीबाई खाली सामानापाशी होते. भाऊसाहेब जिन्यात उभे होते, ते बोलिले, "मी एकदा आत जाऊन येतो. एकटाच." आणि ताठ मानेने आत गेले, कारण या घरात त्यांस डोळे लागत नसत. यामिनीबाई, सातवा मास, उंबऱ्याशी थांबल्या. बराच वेळ जाहला तरी सासरे परतेनात, तेव्हा त्यांनी आत पाहिले. भाऊसाहेब मोकळ्या खोलीच्या मधोमध उभे होते. दोन्ही हात पुढे केले होते. जेथे कपाट होते तेथे त्यांनी हात नेला, तो हातास वारा लागला. एक पाऊल टाकिले, थांबले, उलट वळले, पुन्हा थांबले. चाळीस वर्षांचे घर त्यांस सापडेना. धावोन हात धरावा ऐसे बाईंस वाटले, परंतु त्या जागच्या हालल्या नाहीत.

"यामिनी," भाऊसाहेब बोलिले. "दार कुठे गं?"

"इकडे, भाऊ. मी दारातच आहे."

भाऊसाहेब आवाजाकडे वळले आणि सरळ चालत आले. सुनेच्या खांद्यावर त्यांनी हात ठेविला, आणि तिने तो धरिला तेव्हा या खेपेस झिडकारिला नाही. "चल," बोलिले, "घरी जाऊ."

येणेप्रमाणे दोन खोल्यांचे राज्य मोडोन नवे राज्य वसले. चैत्रात दोन राजकन्या अवतरल्या, आणि दोघी मिळोन ऐसा गलबला करितात की यामिनीबाईंच्या दारास कडी असोनही तिचा उपयोग थोडा. जे घडले ते लिहिले. अधिकउणे असेल ते वाचणाराने आपल्याच घरचे समजोन पदरी घ्यावे.